नाकेमोड्या गोरोबा पाहुणा आला तेव्हा

कडब्याच्या गाडीतून जो माणूस खाली उतरला, तो इरम्माला गोरोबाचा गडी वाटला. बुटका, अंगानं काटकुळा, डोक्याला टक्कल, मिशी असून नसल्यासारखी. एक पाय अधांतरी धरून तो गाडीच्या चाकाला टेकला आणि ‘आई गं, मेलो गं’ म्हणून कण्हला. इरम्मा त्याच्या पाठीमागं बघत राहिली. आता कडबा बाजूला सारून खरा गोरोबा उतरेल, अशी तिची खात्री होती. पण कडब्यातून आणखी कुणी उतरलं नाही. तिचा नवरा शरणप्पा बैल सोडता सोडता हळूच म्हणाला, “बघत काय ऱ्हायलीस? पाणी आन पायावर. गोरोबादादा हायेत हे.”

इरम्माच्या हातातला तांब्या हातातच राहिला.

निलेवाडी हे बोरीच्या काठचं गाव. नळदुर्गचा किल्ला एका अंगाला दोन कोसांवर, आणि दुसऱ्या अंगाला जवळजवळ तेवढंच चाललं की निजामाचं राज संपून सोलापूरकडचा मुलूख लागायचा. त्या हद्दीवर करोडगिरीचा नाका होता. पलीकडून मिठाची गोणी आणली तरी तिथं जकात द्यावी लागे, आणि नाकेदाराची मर्जी नसली तर दिवसभर उन्हात बसून राहावं लागे. श्रावणात पलीकडं स्वातंत्र्याचे झेंडे लागले, अलीकडं रझाकारांचा धाक वाढला. दिवाळीच्या सुमाराला पलीकडच्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पातून सहा-सात जण आले आणि त्यांनी तो नाका पेटवून दिला. म्होरक्या होता गोरोबा. त्या दिवसापासून लोक त्याला नाकेमोड्या म्हणू लागले.

त्या सहा-सात जणांत निलेवाडीचा धोंडप्पाही होता. इरम्माच्या घराला लागूनच त्याचं घर. बाकीचे परतले, धोंडप्पा परतला नाही. कुणी म्हणे गोळी लागली, कुणी म्हणे धरला. चौकशी करायला जावं तर सरकारनं घरादाराला धरायचं, म्हणून कुणी गेलं नाही. त्याची बायको रुद्रम्मा गळ्यातलं काढू की नको, या विचारात दिवस ढकलत होती. सासरा म्हणे काढ. ती म्हणे, थांबा.

इरम्माला ओव्या जुळवायचा नाद होता. जात्यावर बसली की तिच्या तोंडून ओळी आपोआप पडत, आणि शेजारच्या बाया त्या उचलत. नाका जळाल्याची बातमी कासारणीनं आणली, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या दळणात ती ओवीत आली होती.

*नाकेमोड्या गं गोरोबा, ताडावानी त्याची काठी*
*नाका जळतो सरकारी, उजेड पडं बोरीकाठी*

ही ओवी गावभर झाली. मग रुद्रम्मा एकदा दळायला बसली आणि दळता दळता रडायला लागली, तेव्हा तिच्यासाठी म्हणून इरम्मानं आणखी दोन ओळी जोडल्या.

*खांद्यावरी गं धोंडप्पा, पाण्यात गोरोबा शिरं*
*‘सोड मला, जा रं गड्या’, बोलता डोळा भरं*

असं झालं होतं की नाही, हे इरम्माला ठाऊक नव्हतं. पण रुद्रम्माचं रडणं थांबलं, हे तिनं पाहिलं. पुढं संक्रांतीला बेंबळीहून कुणाची तरी लेक माहेरी आली, तिच्या तोंडी तीच ओवी होती आणि वर एक जास्तीची. गोरोबानं नळदुर्गच्या बुरुजावरून बोरीत उडी टाकली आणि शिपाई बघत राहिले, अशी. ही ओवी इरम्माची नव्हती. आणि आपण रचलेली नाही म्हणूनच तिला ती पक्की खरी वाटली.

आता तो बुरुजावरून उडी टाकणारा माणूस तिच्या ओसरीवर बसून पायाला हात लावू देत नव्हता.

पायात बाभळीचा काटा मोडला होता. कॅम्पातून निघून धाराशिवकडच्या गावांना निरोप द्यायला तो चालला होता, पण वाटेतच पाय टम्म सुजला, निरोप आला आणि शरणप्पानं त्याला गाडीत घालून घरी आणला. इरम्माची सासू पार्वतम्मा सुई घेऊन पुढं सरसावली, तसा गोरोबा मागं सरकत भिंतीला जाऊन टेकला.

“हळू हां, आज्जे. हळू.”

“अजून लावली न्हाय की सुई.”

“नुसतं सांगून ठेवतोय.”

सुई टेकली आणि तो असा ओरडला, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. शरणप्पानं घाईनं दार लावून घेतलं. काट्याचं टोक काही निघालं नाही. पार्वतम्मानं गरम पोटीस बांधलं आणि आत येऊन सुनेच्या कानात म्हणाली, “ह्यानं नाका जाळला व्हय गं? ह्याच्या हातनं चूल तरी पेटंल का?”

इरम्माला वाईट वाटायला हवं होतं. पण तिला वाईट वाटण्यापेक्षा नवलच जास्त वाटत होतं. असा माणूस तसं काम करतो तरी कसा? ती येता-जाता त्याच्याकडं बघू लागली, खळ्यावर नवीन बैल आल्यावर बघावं तशी.

त्याचं वागणं सोपं नव्हतं. भाकरी जाड झाली तर तो कडा काढून ठेवी. चटणी तिखट लागली की पाणी मागे, आणि पाणी दिलं की ते गार नाही म्हणे. तूप कुठं ठेवलंय ते दुसऱ्याच दिवशी त्याला कळलं. एकदा हुग्गी केली, गव्हाची गोड खीर, ती शरणप्पाच्या वाटणीची सुद्धा त्यानं संपवली आणि वर म्हणाला, “आमच्या आईची याहून दाट असायची.” पार्वतम्मा त्याच्या पायाचं पोटीस बदले, त्याबद्दल एक शब्द नाही. उलट तिचे हात खरबरीत आहेत, ही तक्रार. गावातले चार विश्वासाचे लोक गुपचूप दर्शनाला आले, तेव्हा मात्र तो ताठ बसला, पाय पांघरुणाखाली घेतला आणि आवाजही बदलला. “दुखतंय का?” कुणी विचारलं. “काट्यानं काय होतंय,” गोरोबा म्हणाला. दाराआड उभ्या असलेल्या इरम्मानं पदर तोंडात कोंबला.

ओव्या कोण रचतं हे त्याला कळलं, तेव्हा तो खुलला.

“तुमीच व्हय, वयनी? म्हणा की एखादी.”

इरम्मा लाजली, पण तिनं पहिली ओवी म्हटली. तो डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, “पुढची?”

धोंडप्पाची ओवी तिच्यानं त्याच्या तोंडावर म्हणवेना. “पुढची बुरुजाची हाय. ती माझी न्हाय, बेंबळीकडची.” मग संधी साधून तिनं विचारलं, “दादा, उडी मारली ती कोंच्या बुरुजावरनं?”

“मोठ्या.”

“उपळ्या बुरुजावरनं?”

“व्हय. त्योच.”

उपळ्या बुरूज किल्ल्याच्या आत, उंचावर. तिथून उडी टाकली तर माणूस दगडावर पडेल, बोरी तिथून कितीतरी लांब. तिनं तो लहानपणापासून पाहिलेला होता. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, तर बुरूज जाऊन किल्ल्याच्या बांधातल्या पाणीमहालाचा सज्जा आला. तिसऱ्या दिवशी गोरोबा विहिरीवर अंघोळीला बसलेला असताना शरणप्पा म्हणाला, “दादा, पाय बरा झाला की पोहून घ्या एकदा.” तसा गोरोबा काठापासून दोन हात मागं सरला. इरम्मानं ते बघितलं.

“पोहता येत न्हाय तुमास्नी?” तिनं शरणप्पा गेल्यावर विचारलं. चिडवायला नाही, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

गोरोबानं इकडंतिकडं पाहिलं. “कुणाला सांगू नका, वयनी.”

“मग उडी?”

“उडी म्या बी गाण्यातच ऐकली. कॅम्पात समदे पाठीवर थापा द्यायला लागले. आता न्हाय म्हणलं तर त्यांची तोंडं उतरत्यात. कशाला उगी?” थोडं थांबून तो म्हणाला, “पर बरं वाटतं ऐकाया. खोटं कामून बोलू?”

“आणि नाका? त्यो बी तसाच?”

“नाका म्याच पेटवला,” तो पटकन म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज वेगळा होता. “ह्या हातानं. हात लई कापत हुते. चार काड्या इझल्या. पाचवी लागली.”

इरम्माला ही पाचवी काडी त्या उडीपेक्षा जास्त आवडली. कापत्या हातानं काडी ओढणारा माणूस तिला डोळ्यांपुढं दिसला. आपण दळताना याच्याबद्दल किती कमी जाणत होतो, असं तिला वाटलं. आणखी विचारायचं होतं. धोंडप्पाचं विचारायचं होतं. पण ओठांवर आलेला तो प्रश्न तिनं गिळला. खांद्यावरची ओवी तिची स्वतःची होती, आणि उडीचं जे झालं तेच तिचंही होईल, याची तिला भीती वाटली. रुद्रम्माला तर पाहुणा कोण आहे ते तिनं कळूच दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी जमादार आला.

शरणप्पा शेतात होता. गल्लीच्या तोंडाशी धुरळा आणि घोडा दिसला, तशी इरम्मा आत धावली. अंगणात कोपऱ्यात धान्याचं पेव होतं, जमिनीत खोल खणलेलं, सध्या रिकामं. वर दगड सारून कडबा टाकला की कुणाला कळणार नाही, असं आधीच ठरवून ठेवलेलं होतं.

“दादा, उठा. पेवात उतरा.”

गोरोबानं त्या काळ्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “न्हाय.”

“अवं, दारात आले ते!”

“माझा दम कोंडतो अंधारात. म्या न्हाय उतरनार. धरू द्या धरलं तर.” त्यानं ओसरीच्या खांबाला मिठी मारली.

इरम्माला एक क्षण त्याचा मनस्वी राग आला. आपण पकडले जाऊ, घर जाईल, नवरा जाईल, आणि हा खांबाला धरून बसलाय. पण पार्वतम्मानं वेळ घालवला नाही. ती चुलीतली मूठभर राख घेऊन आली, त्याच्या कपाळावर घरच्या माणसांसारखे तीन बोटांनी विभूतीचे पट्टे ओढले, त्याला बाजेवर बसवलं आणि त्याचा सुजलेला पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. “आता कण्ह,” ती म्हणाली. “ते तरी जमतंय न्हवं?”

जमादार चार शिपाई आणि गावचा पाटील घेऊन आत आला. त्यानं ओसरीवर नजर टाकली.

“ये कौन, अम्मा?”

“माझा भाऊ हाय, साहेब. पाठचा. मुरूमला असतो. काटा मोडला म्हणून आला, अन् बसलाय बाजेवर राजावानी. तूप पायजे, गरम पानी पायजे. जल्मापास्नं असाच रडतराव. आमच्या आईनं लाडावून ठेवला.”

पार्वतम्माला भाऊ नव्हता. पाटलाला ते ठाऊक होतं. त्यानं खाली मान घातली आणि पायातला जोडा नीट करायला घेतला.

शिपायांनी आतली उतरंड हलवली, कडब्यात काठ्या खुपसल्या, पेवात डोकावून पाहिलं. पेव रिकामंच होतं. जमादार इरम्माकडं वळला. “नाकेमोड्या का गाना तुम्हारे गाँव से निकल्या बोलते. देखी क्या उसकू?”

“न्हाय साहेब. ऐकलंय निस्तं.”

“कैसा दिखता?”

ओवी इरम्माच्या कामाला आली. “ताडावानी उंच म्हनत्यात साहेब. मिशा कानापत्तुर. दारातनं वाकल्याबिगर आत येत न्हाय. बुरुजावरनं उडी टाकली त्यानं.”

“सुने?” जमादार शिपायांना म्हणाला. मग हसून, तिरस्कारानं म्हणाला, “क्या उडी! डरपोक है वो. साथी उसका गिर्या, उसकू छोड के भाग्या. मुड के भी नै देख्या.”

इरम्माची नजर बाजेकडं गेली. गोरोबाचं कण्हणं थांबलं होतं. त्याचे कान लाल झाले होते, छाती वर-खाली होत होती. तो सरळ झाला, त्यानं तोंड उघडलं. आता हा बोलणार, इरम्माला दिसलं. पेवाला घाबरणारा हा माणूस एका शब्दासाठी आपल्याला सगळ्यांना बुडवणार. तेवढ्यात पार्वतम्मानं त्याच्या पायातल्या काट्यावर अंगठा असा दाबला, की तो “मेलो गं आई!” म्हणून बाजेवर आडवा झाला. पू आणि रक्ताबरोबर काट्याचं टोक बाहेर आलं.

जमादार पोट धरून हसला. “चलो रे. इसकू तो काटाच मार डालिंगा.”

ते गेल्यावर पार्वतम्मानं काट्याचं टोक चिमटीत धरून उजेडात बघितलं आणि चुलीत टाकलं. गोरोबाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या दिवशी त्यानं तूप मागितलं नाही, भाकरीच्या कडा काढल्या नाहीत. इरम्मा ताट उचलायला गेली, तर तो स्वतःशीच म्हणाला, “त्याला कसं ठावं?”

“काय, दादा?”

त्यानं तोंडावर पांघरूण ओढलं.

सकाळी रुद्रम्मा दारात उभी राहिली. अंगावर धुवट लुगडं, डोक्यावर पदर. “पार्वतम्माला भाऊ कुठला?” ती इरम्माला म्हणाली. “समदी गल्ली जानती. मला का सांगितलं न्हायस?” आणि उत्तराची वाट न बघता ती ओसरीवर गेली, बाजेपासून थोडं लांब खाली बसली.

“म्या धोंडप्पाची मंडळी,” ती म्हणाली.

गोरोबा उठून बसला. इरम्मा खांबाला टेकून उभी होती.

“एकच इचाराया आले, दादा,” रुद्रम्मा म्हणाली. “तुमी त्यास्नी खांद्यावर घेतलं, तवा अंगातनं रगत लई जात हुतं का? शेवटाला काय बोलले? गाण्यात हाय तेवडंच का आनखी काही?”

गोरोबानं इरम्माकडं पाहिलं. ही ओवी त्यानं कॅम्पात ऐकलेली होती. उडीला ‘व्हय’ म्हणणाऱ्याला इथं ‘व्हय’ म्हणायला काहीच लागणार नव्हतं. इरम्माला मनातून वाटत होतं, म्हण बाबा, व्हय म्हण, हिच्या जिवाला तेवढाच आधार आहे. आणि त्याच वेळी, हा आता काय बोलतो हे ऐकायला तिचे कान टवकारले होते. याची तिला पुढं कितीतरी दिवस लाज वाटली.

“म्या त्याला खांद्यावर घेतलं न्हाय,” गोरोबा म्हणाला.

रुद्रम्मा जरा पुढं सरकली.

“गोळी कुनालाच लागली न्हाय. नाका पेटला, आमी पळालो. चरात त्याचा पाय मुरगाळला, त्यो खाली बसला. म्या म्होरं हुतो. त्यानं हाक मारली मला. म्या ऐकली. वळलो न्हाय.” त्याचा आवाज बारीक झाला. “पानी गुडघ्याएवडं बी न्हवतं नदीला. चालत गेलो.”

“हाक मारली?”

“व्हय.”

“काय म्हून?”

“‘गोरोबा, थांब की रं. पाय मोडला माझा.’”

“मोठ्यानं?”

“लई मोठ्यानं. म्या पलीकडच्या काठाला लागलो तरी ऐकू येत हुती. शिव्या बी दिल्या मागनं.”

रुद्रम्माचे ओठ हलले. पहिल्यांदा इरम्माला वाटलं ती रडतेय. पण ती रडत नव्हती. “शिव्या दिल्या,” ती म्हणाली. “म्हंजी जीव हुता. चांगला धडधाकट जीव हुता.”

“अजून बी हाय,” गोरोबा म्हणाला. “काल त्यो जमादार बोलला, मुड के भी नै देख्या. ते दोघांनाच ठावं हुतं, मला आन् धोंडप्पाला. बाकीचे कवाच नदीपार होऊन लांब गेले हुते, शिपाई बी अजून आले न्हवते. म्या कुनाला सांगितलं न्हाय. मग त्यांस्नी कुनी सांगितलं? धोंडप्पानंच. त्यो त्यांच्या हातात हाय, आन् बोलतोय.”

रुद्रम्मा उठली. गोरोबाला ती काही बोलली नाही, शिवीही नाही. इरम्माजवळ येऊन मात्र थांबली.

“खांद्यावरची ओवी तुझी हुती न्हवं?”

इरम्मानं मान हलवली.

“‘सोड मला’ म्हनाले म्हनून मला वाटलं जीव चाललाच हुता. म्हनून म्या घरात बसून ऱ्हायले, इरम्मा. न्हायतर कवाच गेले असते.”

रुद्रम्मानं हे रागानं म्हटलं नव्हतं, म्हणून ते इरम्माला जास्तच लागलं. तिनं चांगल्या मनानं दोन ओळी जोडल्या होत्या, आणि त्या ओळींनी एका बाईला महिनोन्‌महिने दारात खिळवून ठेवलं होतं.

दोन दिवसांनी शरणप्पा रुद्रम्माला घेऊन धाराशिवला, जिल्ह्याच्या तुरुंगात चौकशीला गेला. इरम्मा हट्टानं सोबत गेली. तुरुंगाच्या दारावर पहिल्यांदा त्यांना हाकलून लावलं. दुसऱ्या खेपेला एका वकिलानं अर्ज करून दिला, तोही परत आला. तिसऱ्या खेपेला एक म्हातारा पहारेकरी रुद्रम्माचं नाव विचारून आत गेला आणि हसत बाहेर आला. “हौ, है तुम्हारा आदमी. लंगडता. शिपायां से भी झगडता.” जाळीआड धोंडप्पा दिसला, तेव्हा तो वाळला होता, दाढी वाढली होती. रुद्रम्मानं काय बोलावं? ती म्हणाली, “शिव्या दिल्या म्हनं तुमी गोरोबाला?” आणि धोंडप्पा म्हणाला, “कुठाय त्यो भडवा?” आणि जाळीच्या दोन्ही बाजूंनी ते दोघं हसायला आणि रडायला लागले. इरम्मानं तोंड फिरवलं. हे तिनं बघायचं नव्हतं.

ते परतले तोवर गोरोबाच्या पायाची सूज उतरली होती. पार्वतम्मानं सांगितलं, की त्यानं एक दिवस स्वतः म्हशीला पाणी पाजलं आणि दोन दिवस त्याबद्दल बोलत राहिला. धोंडप्पा जिवंत आहे हे ऐकल्यावर तो घराच्या मागं गेला आणि बराच वेळ आला नाही. निघताना गाडीत बसला, कडबा अंगावर ओढून घेतला आणि मग तोंड बाहेर काढून इरम्माला म्हणाला, “वयनी, खांद्याची ओवी काढून टाका तुमी. खोटी हाय ती.” जरा घुटमळून तो म्हणाला, “उडीची ऱ्हाऊ द्या. तिनं कुनाचं काय बिघडतंय?”

इरम्माला हसावं की काय करावं कळेना. “आन् आमच्या सासूबाईस्नी काय सांगू?” तिनं विचारलं.

“काय सांगायचंय?”

“काही न्हाय,” इरम्मा म्हणाली. आभार त्याच्या ध्यानातच नव्हते.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज नळदुर्गच्या रस्त्यानं आली आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज आटोपलं. तुरुंगांची दारं उघडली. धोंडप्पा बैलगाडीत बसून गावी आला, गाव वेशीवर गोळा झालं. पुढं नवरात्रात नळदुर्गला मोठी सभा झाली. मंचावर गोरोबाला हारानं झाकून टाकलं होतं, हारातून नुसतं टक्कल दिसत होतं. लोकांनी आरडाओरड करून त्याला बोलायला लावलं आणि त्यानं उडी सांगितली. बुरूज कोणता होता, वारा कसा होता, खाली पाणी किती होतं, सगळं. लोकांत बसलेल्या इरम्मानं शेजारी रुद्रम्माकडं पाहिलं. रुद्रम्मा शेंगा सोलत होती. धोंडप्पा सभेला आलाच नव्हता.

सभेनंतर दोन दिवसांनी गोरोबा एकटा, पायी, निलेवाडीत आला. इरम्माच्या दारावरून गेला, पण थांबला नाही. इरम्मानं ताकाचा गडू उचलला आणि मागल्या दारानं रुद्रम्माच्या घरात शिरली. ताक हे निमित्त होतं, तिच्यानं घरी बसवेना.

धोंडप्पा अंगणात अंबाडीचा दोर वळत होता. एक टोक त्यानं लिंबाच्या बुंध्याला बांधलं होतं. गोरोबा फाटकाशी उभा राहिला. धोंडप्पानं वर पाहिलं, पुन्हा खाली बघून काम चालू ठेवलं. गोरोबा आला आणि दगडावर बसला. एकदा त्यानं घसा साफ केला, एकदा उपरण्यानं तोंड पुसलं. एवढ्या मोठ्या सभेत बोललेला माणूस, इथं त्याला बोलता येईना.

ऊन लिंबाच्या सावलीतून सरकलं. धोंडप्पाच्या हातातला दोर लांब झाला, त्याला पीळ बसेना. अशा वेळी दुसरं टोक धरायला माणूस लागतो. रुद्रम्मा आतून उठणार होती, तेवढ्यात धोंडप्पा कुणाकडं न बघता म्हणाला, “ते टोक सोड झाडाचं. धर.”

गोरोबा उडी मारून उठला. त्यानं टोक सोडवलं, दोन्ही हातांनी धरलं, आणि धोंडप्पा पीळ भरू लागला. धोंडप्पा मुद्दाम जोरात पिळत होता, हे इरम्माला दाराआडून स्पष्ट दिसत होतं. थोड्या वेळानं गोरोबाचं तोंड वाकडं झालं.

“हळू की रं. हात सोलवटले माझे.”

“ढील देऊ नगंस,” धोंडप्पा म्हणाला.

“देत न्हाय. पर दुखतंय. लई दुखतंय, धोंडप्पा.”

“दुखू दे.”

गोरोबा कण्हत होता, पाय बदलत होता, हातावर फुंकर घालत होता. टोक मात्र त्यानं सोडलं नाही. इरम्मानं ताकाचा गडू खाली ठेवला आणि उंबऱ्यावर ऐसपैस मांडी घालून बसली. हा किती वेळ टिकतो, ते तिला बघायचं होतं.